बकरीच्या दाढीतला काला

जानेफळच्या आमराईत तो माह्या बकरीले अभंग म्हणून दाखवून राह्यला होता! मले वाटलं, बाहेरचं लागलं पोराले. जवळ गेली तं पाटलाचा शेषराव, नागपूरच्या कॉलेजातून आलेला. हातात सोताच लिहिलेला कागद. 'माणूस हाच देव...' असं काहीतरी म्हणे, तितक्यात माह्या चंद्रीनं तो कागदच मटकावला.

"काय व! माहा अभंग खाल्ला तुह्या बकरीनं!"

"चव कशी हाय, तिलेच पुसा," मी म्हटलं.

तो असा हासला... की मंग रोजच चंद्रीले आमराईतलाच पाला आवडू लागला.

श्रावणाची झिमझिम होती. एक दिवस म्हणे, "गोजरा, अष्टमीच्या काल्याले तुह्या हातचा घास खाईन. साऱ्या गावासमोर. मंग बापाले सांगीन, बायको करीन तं इलेच."

"आम्ही गावकुसाभाईरचे. आमचं काल्याचं गाडगं देवळाभाईर, पिंपळाखाली असते. ठाव हाय ना?"

"म्हणून तं भाईर येईन. काल्यात कोणाची लाही कोणती, ओळखू येते का?"

त्याच्या पापण्याइवर पाणी होतं. मले खरं वाटलं.

काल्याच्या दिवशी त्यानं कीर्तन असं रंगवलं — सारे माणसं एक, सारे देव! — की बाया रडल्या. त्याच्या बापानं, रामराव पाटलानंही, उपरण्यानं डोळे पुसले. मी पिंपळाखाली लाह्या-दही कालवून, घास हातात घेऊन उभी. शेषराव उंबऱ्यावर आला. माह्याकडे पाह्यलं... एक पाय भाईर टाकला.

रामराव नुसते खाकरले.

पाय आत गेला. "गोजरा — पुढच्या साली..." इतकंच पुटपुटला.

माह्या हातातला घास गळला. चंद्रीनं तो खाल्ला, आमच्या गाडग्यात तोंड घातलं, आन कोणी धरायच्या आत उंबऱ्यावरून उडी मारून आतल्या, गावाच्या काल्याच्या पितळी घागरीत दाढीपर्यंत बुडली!

साऱ्याइले कालपासून उपास. पुजारीबुवानं घागरीकडे पाह्यलं, मंग लोकाइच्या पोटाकडे.

"बकरीले जात नसते," बुवा म्हणे.

"हाव, शास्त्रात हाय," रामराव म्हणे.

साऱ्या गावानं काला खाल्ला. शेषरावनंही खाल्ला, मान खाली घालून.

मले लोणारले देलं. नवरा गुणाचा हाय. अभंग म्हणत नाई, वाढलं ते खाते.

परवा लोणारच्या बाजारात शेषराव भेटला. केस पिकले. कीर्तनं अजून करते म्हणे, तेच. लय वेळ वांगे चाचपत राह्यला. मंग हळूच म्हणे, "गोजरा... त्या दिवशी तुहा घास मी खाल्लाच व."

"हाव," मी म्हटलं, "पण चंद्रीनं चारला."

वाटलं होतं, हासंन. आमराईत हासला होता तसा...

नाई हासला.