कापडाचा अल्बम

पटलं नाही तर सोडून द्या, पण यातलं काहीही मी मनाने रचलेलं नाही. आणि हे अमावास्येच्या रात्री वगैरे घडलेलं नाही. लख्ख दुपारी घडलं, माझ्याच घराच्या पुढच्या खोलीत. समोरच्या गॅरेजात स्कूटर ठोकण्याचं काम चालू होतं.

मी पडदे आणि सोफ्याची कव्हरं शिवते. मशीन खिडकीपाशी आहे आणि शेजारच्या खुर्चीत बाबा बसतात.

शुगरमुळे बाबांची नजर गेली. पाठोपाठ आई गेली. त्यानंतर बाबांनी बोलणंच सोडलं. ताटातलं चिवडून ठेवायचे. डॉक्टर म्हणाले, "औषधं मी देतो, पण त्यांना जगावंसं वाटायला हवं. त्याची गोळी माझ्याकडे नाही."

वहिनीने, म्हणजे दादाच्या बायकोने, हौसेने एक स्क्रॅपबुक करून आणलं. चकचकीत कागद, स्टिकर, घरातल्या सगळ्यांचे फोटो. बाबांनी ते उलटंच मांडीवर घेतलं. हात फिरवला.

"छान गुळगुळीत आहे," ते म्हणाले.

वहिनी स्वयंपाकघरात जाऊन रडली.

तेव्हा माझ्या डोक्यात आलं की आमच्या घरचं स्क्रॅपबुक बोटांनी बघता आलं पाहिजे. मी जाड कॅनव्हासची पानं कापली आणि प्रत्येक पानावर एकेका माणसाचं कापड शिवलं. दादाचा कारखान्यातला खरबरीत डगला, त्याला अजून ग्रीसचा वास होता. आत्याची लोकरीची शाल. माझ्या शाळेच्या युनिफॉर्मचा तुकडा. आणि आईचा घरातला गाऊन, धुऊन धुऊन विरलेला, खिशासकट.

शेवटचं पान कोरं ठेवलं.

"ते तुमचं," मी म्हटलं.

"माझी काही घाई नाही, मास्तर."

मी शिवणकाम करते म्हणून मला ते मास्तरच म्हणतात. कितीतरी महिन्यांनी त्यांनी माझी थट्टा केली होती.

त्यानंतर बाबा जेवायला लागले. पानं उलटत जुन्या गोष्टी सांगायला लागले. आईचं पान आलं की मात्र खिशात दोन बोटं घालून गप्प बसायचे. मी इतकी खूश होते की बाकी कशाकडे माझं लक्षच गेलं नाही.

एकदा ते म्हणाले, "आज खिसा गरम लागतोय."

"ऊन लागलं असेल, बाबा."

आमच्या त्या खिडकीत ऊन येत नाही, हे मला नंतर आठवलं.

मग एका दुपारी मी मशीन थांबवून रीळ बदलत होते. आणि ऐकू आलं...

सर्रर्र.

जाड कापडातून दोरा ओढल्याचा आवाज. जरा थांबून पुन्हा... सर्रर्र.

हा आवाज मी झोपेतही ओळखेन. कुणीतरी हाताने शिवत होतं. माझ्या हातात नुसतं रीळ होतं.

मी वळून पाहिलं. अल्बम बाबांच्या मांडीवर मिटलेला होता. बाबा गालातल्या गालात हसत होते.

पुढच्या मंगळवारी वहिनी संध्याकाळी यायची होती. दुपारी मी आत भांडी घासत होते. बाहेरून बाबांचा आवाज आला.

"मास्तर, माप कशाला घेतेस? टेप गार लागतोय पाठीला."

मी हात पुसत दारात आले.

"मी इथे आहे, बाबा."

त्यांचा चेहरा सावकाश माझ्या दिशेने वळला.

"मग ही कोण?"

खोलीत कुणीही नव्हतं. दाराला आतून कडी होती. डुलकीत स्वप्न पडलं असेल, असं म्हणून मी त्यांना पाणी दिलं. थोड्या वेळाने त्यांचा डोळा लागला. मी भांडी आटपायला आत गेले. आणि पुन्हा...

सर्रर्र... सर्रर्र...

या वेळी घाईघाईने.

मी धावत बाहेर आले. आवाज बंद.

अल्बम मांडीवर उघडा होता. शेवटचं पान वर होतं. आणि ते कोरं नव्हतं...

त्यावर तपकिरी चौकड्यांचा तुकडा होता. तीन बाजू शिवलेल्या. चौथी मोकळी. दोरा तसाच लोंबत होता, पण सुई कुठे दिसेना.

टाके बारीक होते, आणि सगळे उलट्या बाजूला झुकलेले. आमच्या घरात असे टाके एकच बाई घालायची. आई डावखुरी होती.

तपकिरी चौकड्यांचा शर्ट बाबांच्या अंगात होता.

मी त्यांना पुढे वाकवलं. पाठीवर शर्टाला चौकोनी भोक पडलेलं. सकाळी बटणं मीच लावून दिली होती, तेव्हा शर्ट धड होता. आतल्या कातडीला हात लावला तर बर्फ.

"बाबा... बाबा, उठा."

ते उठेनात. एक श्वास झाला की दुसरा यायला फार वेळ लागत होता.

मी परत पानाकडे पाहिलं.

चौथी बाजू... निम्मी झाली होती.

ती पुरी झाली की काय होणार, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.  मी मशीनवरचं ब्लेड उचललं.

"आई, नको ना गं," मी मोठ्याने म्हटलं, आणि उसवायला सुरुवात केली.

मी टाका तोडायचे आणि तो घट्ट व्हायचा. मी रडत होते, तोंडाने आईला काहीबाही बोलत होते. शेवटचा दोरा ओढला तेव्हा बाबांनी मोठा श्वास घेतला. डोळे उघडले.

"का उठवलंस?" त्यांनी विचारलं. "चांगला निघालो होतो."

संध्याकाळी वहिनीला शर्ट दाखवला, तुकडा दाखवला. ती माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "अगं, कामाच्या नादात तूच कापला असशील. किती थकली आहेस तू."

तेवढ्यात बाबा म्हणाले, "हिचं पान कुठे गेलं?"

ते अल्बम चाचपत होते. दादाचा डगला होता, आत्याची शाल होती. आईच्या पानावर मात्र...

गाऊन नव्हता. खिसा नव्हता. कॅनव्हासवर सुईची बारीक भोकं होती, चौकोनात. वहिनीच्या तोंडचं पाणी पळालं. आम्ही दोघींनी सगळं घर पालथं घातलं, माझ्या चिंध्यांचं पोतं ओतून पाहिलं. तो तुकडा मिळाला नाही.

मी थकले आहे असं वहिनी त्यानंतर कधी म्हणाली नाही.

बाबा आहेत. वाढलं तेवढं जेवतात. पण गोष्टी सांगत नाहीत. दिवसभर त्या रिकाम्या पानावर हात ठेवून बसतात. मी त्यांना वाचवलं असं मला वाटलं होतं. हल्ली वाटतं, मी त्यांच्याकडून आईला दुसऱ्यांदा काढून घेतलं.

परवा ते म्हणाले, "मास्तर, रागावणार नसशील तर एक सांगू?"

"सांगा."

"पुढच्या वेळी उसवू नकोस."

मी मशीन सुरू केलं. ऐकलंच नाही असं दाखवलं. मला बाबा हवे आहेत, दुसरं काय सांगणार?

रोज दुपारी त्यांचं जेवण झालं की मी त्यांना पुढे वाकवते आणि शर्टावरून पाठभर हात फिरवते. ते काही विचारत नाहीत. कालपासून शर्ट पाठीवर एका जागी गार लागतोय. कापड अजून सलग आहे.