मठारकामाचं पान

यमुनाताईंच्या 'मठारकाम' या वेबपानानं दोन लाख वाचकांचा टप्पा गाठला आणि ताईंना आभाळ ठेंगणं झालं. तांब्याचं भांडं हातोडीनं ठोकून कणखर करायची ही विद्या त्यांना बाबांनी शिकवली होती. बाबा गेल्यावर, साठी उलटल्यावर, त्यांनी ती स्वतः लिहून काढली होती. मसुदा लिहायचा, फोटो जोडायचे, 'प्रकाशित करा' दाबायचं. पुढचं सगळं यंत्रणा बघायची.

थोरले भाऊ भास्करदादा पेढे घेऊन आले. ताईंनी त्यांना आपलं सर्वांत लाडकं वाक्य वाचून दाखवलं, "बाबा म्हणायचे, माझी पोर मठारात माझ्याही पुढं गेली."

"असं कुठं लिहिलंयस?" दादांनी आपला फोन काढला. "इथं तर आहे, थोरल्यानं घराण्याचं नाव राखलं!"

"ते मी लिहिलंच नाही. वाहवा रे वाहवा!"

दोघांनी फोन शेजारी शेजारी ठेवले. पान एकच, मजकूर दोन. दोन वर्षं जो तो आपापल्या पडद्यावर वाचून खूश होता. मोठ्यानं कुणी वाचलंच नव्हतं.

यंत्रणा बसवून देणारी निशिगंधा मगदूम दुसऱ्या दिवशी घरी आली. दादाही आले होते. "ताई, याला वाचकवळण म्हणतात. वाचणाऱ्याची नजर कुठं रेंगाळते, कुठं कंटाळून पुढं पळते, ते फोनचा कॅमेरा टिपतो. मग पान त्याच्या मनाजोगं वळतं. कुठं ओळ गळते, कुठं नवी येते. आता सगळी पानं अशीच असतात."

"म्हणजे ते वाक्य यंत्राचं?"

"तुम्हाला हवं होतं, ते त्यानं ओळखलं. मूळ मसुदा आहे माझ्याकडे. त्याला कुलूप लावलं, तर सगळ्यांना तोच दिसेल. पण वाचक निम्मे होतील, आधीच सांगते."

"होऊ देत. माझ्या बापाच्या तोंडी कुणी शब्द घालायचे नाहीत."

निशिगंधानं कुलूप लावलं. दादांनी मोठ्यानं वाचलं, "बाबा कधी शाबासकी देत नसत. भांडं बोटाच्या पेरानं वाजवत, नाद ऐकत आणि मुकाट्यानं विक्रीच्या फळीवर ठेवत. नाद बसका लागला, तर परत माझ्या पुढ्यात. माझी कळशी तेराव्या खेपेला फळीवर गेली."

दादांनी फोन खाली ठेवला. "हे खरं, यमे. बाबा अगदी असेच." ताईंची मान ताठ झाली. ती फळी दोन लाख वाचकांहून मोठी होती.

सगळे गेल्यावर त्यांनी डोळे मिटून तो दिवस आठवला. बाबांनी कळशी उचलली, वाजवली, कान दिला. फळीवर ठेवली. मग वळून, आपल्या घोगऱ्या आवाजात, ते म्हणाले, "माझी पोर मठारात माझ्याही पुढं गेली."

ताईंनी दचकून डोळे उघडले. पुन्हा मिटले. बाबा पुन्हा तेच म्हणाले.