घागरीतली ओहोटी

केळीवाल्याच्या हातात दगड दिला तरी तो आधी त्याचा कंद शोधतो, अशी भाईदासची थट्टा सगळं फैजपूर करायचं. त्याला त्यात काही वावगं वाटत नसे. मोठ्या केळीशेजारी फुटलेलं पिल बेतानं सोडवायचं, बुडाशी मुळं राखायची आणि ओल्या गोणपाटात गुंडाळायचं. मग ते कुठंही न्या, लागतंच. त्याच्या हातचं पिल आजवर कधी वाया गेलं नव्हतं.

त्याचा एकुलता मुलगा मगन मुंबईला वरळीकडच्या एका गिरणीत होता. पावसाळ्यात एके दिवशी तो किनाऱ्यावरच्या खडकांत गेला आणि परत आला नाही. लाटेनं नेला, असं सोबत्यांनी येऊन सांगितलं. देह काही सापडला नाही. भाईदासची बायको झुंबरबाई रडलीच नाही. देह नाही तर मरण कसलं, असं म्हणून ती दोन्ही वेळा लेकाचं ताट वाढत राहिली. ते भरलेलं ताट भाईदास गोठ्यात नेऊन रिकामं करायचा.

थंडीत तो सावद्याहून केळीच्या वॅगनीबरोबर मुंबईला गेला आणि माल उतरवून ती जागा बघायला निघाला. ओहोटी होती. पाठीमागे गिरण्यांची धुरांडी, मोटारींची घरघर, पायाशी गटाराचं काळं पाणी. आणि त्या पाण्याला लागूनच खडकांतल्या डबक्यांत सगळं जिवंत होतं. नखाएवढे खेकडे होते, हात लावताच मिटणारी फुलं होती, मधाच्या पोळ्यासारखी बारीक घरं असलेले तपकिरी दगड होते. कालवं फोडत बसलेल्या एका कोळणीला त्यानं मगनचं विचारलं, तेव्हा तिनं सांगितलं की तो दगड नव्हे, पोवळ्याच्या जातीचा जीव आहे. एवढ्या शहराची घाण सोसून तगलाय. तुमचा मुलगा सुट्टीला इथंच बघत बसायचा. पण या जिवाला हलवू नका, आणि गोडं पाणी तर त्याला मुळीच सोसत नाही.

भाईदासनं ऐकलं, पण लेकाचं नाव निघाल्यावर पुढचं त्याच्या कानाबाहेरच गेलं. मगन ज्याच्यापाशी बसायचा त्याचं एक पिल घरी न्यावं, एवढंच मनात आलं. कोळणीची पाठ वळल्यावर त्यानं कोयत्यानं मुठीएवढा तुकडा बुडासकट सोडवला, ओल्या गोणपाटात गुंडाळला आणि रॉकेलचा डबा समुद्राच्या पाण्यानं भरून घेतला.

घरी ओसरीवर कोरी घागर मांडून त्यानं तीत समुद्राचं पाणी ओतलं आणि तुकडा ठेवला. लागला.

पहिल्यांदा झुंबरबाईच्या ध्यानात आलं. सकाळी गळ्याशी असलेलं पाणी दुपारी चार बोटं खाली गेलेलं असायचं. मातीचं भांडं आहे, पाझरणारच, भाईदास म्हणाला. पण पाझरलेलं पाणी परत येत नाही, आणि हे संध्याकाळपर्यंत पुन्हा गळ्याशी यायचं. त्यानं आत कोळशाची रेघ ओढून पाहिली, घागर माजघरात हलवून पाहिली. वेळ रोज थोडी पुढं सरकायची, बाकी तेच. घरात ओल्या खडकांचा वास राहू लागला. समुद्र फैजपूरहून शंभर कोसांच्या पलीकडे.

चढत्या पाण्याला त्या बारीक घरांतून केसांएवढी बोटं बाहेर येत. भाईदासनं हात घातला की मिटत. झुंबरबाईनं घातला की तिच्या बोटाला धरत. तिनं ताट वाढणं बंद केलं. ती पुन्हा जात्यावर गाऊ लागली.

मग आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया आली. खानदेशात आखाजीला गेलेल्या माणसाची घागर भरतात आणि त्याच्या नावानं उंबऱ्यावर कुंकवाचं बोट ओढतात, म्हणजे तो वर्षभर तहानेला राहत नाही. भाईदासचे थोरले भाऊ, कौतिकनाना, आदल्या दिवशी मुद्दाम येऊन बसले. "पोरगा तहानेला फिरत असंन, भाईदास," एवढंच म्हणाले.

"त्याची घागर भरू नका," झुंबरबाई आतून म्हणाली.

भाईदासला रात्रभर ती तहान सोसवेना. सकाळी झुंबरबाई आत सांजोऱ्या तळत होती. मगनचं जे काही होतं ते या घागरीतच होतं, म्हणून त्यानं हीच मांडली. पण पितराला खारं पाणी कसं द्यायचं? त्यानं ते अंगणात ओतलं, विहिरीचं गोडं पाणी काठोकाठ भरलं आणि वर रिवाजाचं डांगर, पिकलं खरबूज, ठेवलं. उंबऱ्यावर आजोबांच्या नावाचं बोट ओढलं, मग वडिलांच्या.

मग मगनच्या.

घागरीतून आवाज आला. रिकामा तांब्या पाण्यात दाबला की येतो तसा.

घागर तर भरलेली होती.

बराच वेळ तो येत राहिला. मग थांबला.

झुंबरबाई झारा घेऊनच दारात उभी होती. तिनं डांगर बाजूला केलं, आत पाहिलं.

"आतापावतर तो बुडला नव्हता," ती म्हणाली. "आज तुम्ही बुडवलं त्याले."

भाईदासनं आत हात घातला. दगड पांढराफटक पडला होता. तो उचलायला गेला तर उचलेना; बुडानं घागरीची माती घट्ट धरली होती. चाचपताना बोटाला शेजारी आणखी एक लागलं. बोराएवढं, नवं पिल. तेही पांढरं.

याही वेळी त्याचा हात हुकला नव्हता. तो तिथंच बसला आणि लहान पोरासारखा रडला.

दुपारी पाणी चार बोटं उतरलं. दोघं घागरीशी बसून राहिली. दिवेलागण झाली, चढायची वेळ आली आणि गेली. ते पुन्हा चढलं नाही.