केवळ याच कामासाठी

कीलुंग बंदराच्या मागच्या टेकडीवर चढायला एकशे बारा पायऱ्या आहेत. श्याओ बीयूनने त्या लहानपणापासून मोजल्या होत्या. अठ्ठावन्नाव्या वर्षीही ती त्या मनातल्या मनात मोजतच चढायची. मोजलेलं, लिहिलेलं आणि तपासलेलं तेवढंच खरं, असा तिचा स्वभाव. टेलिफोन कंपनीत एकतीस वर्षं तिने एकच काम केलं होतं. फोनवर बोलणारा माणूस सांगतोय तोच आहे का, हे ती तपासायची. जन्मतारीख, पत्ता, आईचं माहेरचं आडनाव. आवाज कितीही गोड असला तरी उत्तर चुकलं की ती फोन ठेवून द्यायची.

त्या वसंतात तिचे वडील गेले. टेकडीवरचं सतरा नंबरचं घर आता आईच्या आणि तिच्या नावावर करायचं होतं. आई चौऱ्याऐंशीची. वर्षभरापासून तिला लेकीचं नाव आठवत नव्हतं, पण घर मात्र आठवत होतं. अंधारात उठली तरी भिंतीला हात न लावता ती बरोबर मोरीपर्यंत जायची. दुसऱ्या कुठल्या खोलीत तिला नेऊन ठेवलं असतं तर ती आठ दिवसही जगली नसती. बीयूनला याची खात्री होती, म्हणून हे घर जाता कामा नये एवढं एकच तिच्या डोक्यात होतं.

आणि घरं जातात, हे तिने पाहिलं होतं. खालच्या गल्लीतल्या एका विधवेने कुठल्याशा एजंटाला ओळखपत्राची कोरी झेरॉक्स दिली आणि तिचं घर तिच्या नकळत विकलं गेलं. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा. झेरॉक्स कुणाला द्यायची तर तिच्यावर दोन तिरक्या रेघा ओढायच्या आणि रेघांच्या मधे लिहायचं, 'केवळ अमुक कामासाठी'. ही रीत इथे शाळकरी पोरालाही ठाऊक असते. बीयून त्याच्याही पुढे जायची. ती निळ्या शाईने लिहायची, म्हणजे झेरॉक्सची झेरॉक्स काढली तर लगेच कळावं. अक्षरं फोटोच्या कडेवरून न्यायची आणि कोपऱ्यात प्रत्येक प्रतीला क्रमांक घालायची.

दस्तलेखक कुओ यांची कचेरी पायऱ्यांच्या तळाशी, कालव्याकडे तोंड करून होती. आत शिक्क्याच्या लाल शाईचा वास आणि शिळ्या चहाचा वास. एका भिंतीला मजल्यापासून छतापर्यंत बारीक खणांचं कपाट होतं. प्रत्येक खणात प्लॅस्टिकच्या पिशवीत एकेका गिऱ्हाइकाचा लाकडी शिक्का, कोरलेलं नाव वर करून ठेवलेला. इथे सहीच्या जागी असा नावाचा शिक्काच चालतो. कुओ तिच्या वडिलांच्या ओळखीचे, सत्तरीचे. चाळीस वर्षांत त्यांच्या नावाला बट्टा लागला नव्हता.

बीयूनने ओळखपत्राच्या सात नकला मोजून दिल्या. सातही नकलांवर लिहिलं होतं: 'केवळ घर क्रमांक सतराच्या वारसा नोंदणीसाठी. अन्य कामास ग्राह्य नाही.'

"ताई, फारच बाई तुम्ही काटेकोर!" कुओंची मदतनीस आफेन हसून म्हणाली. "सगळीच गिऱ्हाइकं अशी असती तर आमची झोप सुखाची झाली असती."

"तुमची झोप होईल गं, माझी नाही होत."

"बरं, तुमचा चांगला शिक्का घरीच असू दे. कामापुरता साधा लाकडी आम्हीच कोरून घेतो. कागद पुढेमागे होतात, दरवेळी तुम्हाला कशाला खाली उतरवायचं?"

इथे बीयून गाफील राहिली. सगळेच करतात, तिच्या बापानेही केलं होतं. आपल्या नावाचा शिक्का दुसऱ्याच्या खणात राहणार, याचं तिला त्या क्षणी काहीच वाटलं नाही.

तीन आठवड्यांत नोंदणी झाली. त्याच आठवड्यात ती आईची महिन्याची औषधं आणायला गेली, तर दुकानातल्या हुआंगबाई चष्म्यावरून बघत राहिल्या.

"सकाळीच नेलीत की."

"मी? मी आत्ता घरून येतेय."

हुआंगबाईंनी पावती काढली. नेणाऱ्याच्या जागी लाल शिक्का होता, श्याओ बीयून. लाकडी शिक्क्याचा, किंचित फुगलेल्या कडांचा. तिचा स्वतःचा शिक्का दगडी होता आणि घरच्या कपाटात कुलपात होता.

"तुम्ही ओळखपत्र पाहिलंत?"

"अहो, वीस वर्षं बघतेय तुम्हाला. तुमचं काय ओळखपत्र बघायचं?"

बीयून तावातावाने घरी आली. औषधं टेबलावर होती. आठवड्याच्या डबीत, सकाळ-दुपार-रात्र, बरोबर खणाखणांत भरलेली. एकही गोळी कमी नव्हती.

दोन दिवसांनी बाजारात मासळीवाला ओरडला, "काय मावशी, आज दुसरी फेरी? सकाळचा मासा मांजराने पळवला का?"

"सकाळी मी आले नव्हते."

"मग तुमचं भूत आलं होतं. भूतच असेल, घासाघीस केली नाही! सांगितला तो भाव दिला आणि गप निघून गेली." तो आपल्याच विनोदावर हसला. घरी फ्रिजमध्ये मासा साफ करून, पोटाकडून चिरून, आल्याच्या चकत्या लावून ठेवला होता. आईला आवडायचा तसाच.

तिने दाराचं कुलूप बदललं. पोलीस चौकीत गेली. हवालदाराने पेन हातात घेऊन विचारलं, "काय चोरीला गेलं?"

"काही नाही."

"घरातलं काही?"

"काही नाही. उलट कामं झालीत."

त्याने पेन खाली ठेवलं. "बाई, असा चोर माझ्याही घरी पाठवा."

बीयूनला हसू आलं नाही. त्या दुपारी ती आईचे केस विंचरायला बसली, तर आईने डोकं मागे घेतलं. "परत कशाला? आत्ताच झाले." केस विंचरलेले होते, भांग सरळ होता आणि कंगवा ओला होता. बीयून भ्याली. मग तिला भयंकर राग आला. कुणी घर चोरायला आलं असतं तर तिने लढा दिला असता. हे कोण होतं, जे तिचं एकेक काम हातातून काढून घेत होतं आणि आईला तिच्यापेक्षा हळुवार हाताने विंचरत होतं? सातच्या सात नकला आणि तो शिक्का परत आणल्याशिवाय पाणीही प्यायचं नाही, असं तिने ठरवलं.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता ती कचेरीत शिरली. सकाळी काही खाल्लं होतं की नाही, हे तिला आठवेना. रागात माणसाला कुठे आठवतं?

"माझं काम झालं, कुओकाका. माझे कागद परत करा आणि माझ्यासमोर फाडा. शिक्कासुद्धा."

"बरोबर आहे पोरी. तसाच नियम आहे." कुओंनी आफेनला खूण केली.

आफेनने आणलेलं पाकीट जाड होतं. बीयूनने कागद टेबलावर मांडले. एक ते सात. त्यांच्याखाली आठ. नऊ. दहा.

"मी सातच दिले होते."

"सुरुवातीला सात," कुओ म्हणाले.

आठव्या नकलेवर दोन तिरक्या रेघा होत्या आणि निळ्या शाईत तिचंच अक्षर. 'केवळ आईची औषधं आणण्यासाठी. अन्य कामास ग्राह्य नाही.' खाली लाकडी शिक्का. नववीवर, 'केवळ बाजारातून मासळी आणण्यासाठी'. अकरावीवर, 'केवळ आईचे केस विंचरण्यासाठी'. चौदावीवर, 'केवळ शेजारणीची विचारपूस करण्यासाठी'. एकोणिसावीवर, 'केवळ बाबांच्या तसबिरीपुढे उदबत्ती लावण्यासाठी'.

तिने एकोणिसावी नक्कल उचलून धरली. "हे कुणी लिहिलं?"

"असं काय करता ताई?" आफेन गोंधळली. "तुम्हीच. रोज दुपारी येता, त्या खुर्चीवर बसता, लिहिता, शिक्का मारता. बोलत मात्र नाही काही. आम्हाला वाटलं, वडिलांचं दुःख आहे."

"दुपारी मी आईपाशी असते!"

"पोरी," कुओ शांतपणे म्हणाले, पण त्यांना ते लागलं होतं, "चाळीस वर्षांत माझ्या कचेरीतल्या एकाही नकलेने लिहिल्याबाहेरचं काम केलेलं नाही. तूच बघ. औषधाच्या नकलेने औषधच आणलं ना?"

तिला त्यांच्याशी वाद घालायचा नव्हता. कोपऱ्यात कागदाच्या बारीक पट्ट्या करणारं यंत्र होतं. "चालू करा," ती म्हणाली. आफेनने कुओंकडे पाहिलं. कुओंनी मान हलवली.

बीयूनने एकेक कागद स्वतःच्या हाताने आत घातला. मोठ्याने मोजत. एक. दोन. तीन. प्रत्येक वेळी फोटोतला तिचा चेहरा आधी कपाळ, मग डोळे, मग हनुवटी असा आत जात होता. ती थांबली नाही. अकराव्या नकलेला तिने दोन्ही हातांनी ढकललं. बावीस. तेवीस. मग लाकडी शिक्का तिने टाचेखाली घेतला. तो दोन दणक्यांत फुटला.

"नोंदवही दाखवा."

आफेनने नोंदवही उघडली. एकूण नकला, चोवीस.

"एक कुठे आहे?"

 एवढ्यात तिला आठवलं. आई घरी एकटी होती.

तिने घरी फोन लावला. सहा वेळा घंटी वाजली. मग आईचा आवाज आला.

"आई, मी बोलतेय. दार कुणाला उघडू नकोस. घरात कोण आहे?"

"बीयून आहे," आई म्हणाली.

वर्षभरात पहिल्यांदा आईने ते नाव उच्चारलं होतं.

"आई, ती बीयून नाही! मी बीयून."

"असं कसं? ही इथे बसलीये. मटार सोलतोय आम्ही." मग आई फोनपासून दूर होऊन कुणाला तरी म्हणाली, "कुणीतरी बाई आहे. रडतेय बिचारी." पलीकडे कुणीतरी हलकेच हसलं आणि फोन ठेवला गेला.

बीयून वळली. तिचा आवाज आता अगदी थंड होता. "चोवीस नंबरची नक्कल माझ्या घरात आहे. माझ्या आईजवळ. तिचा कागद इथेच असणार. द्या."

"ताई, तो राहू दे," आफेन म्हणाली.

"द्या म्हणते ना!"

आफेनने खालचा खण उघडला. कागद एकटाच होता. दोन तिरक्या रेघा, आजची तारीख. निळी शाई बोटाला लागली.

बीयूनने वाचलं.

'केवळ कुओ यांच्या कचेरीतून सर्व नकला परत घेऊन नष्ट करण्यासाठी. अन्य कामास ग्राह्य नाही.'

तिने पुन्हा वाचलं. मग तिसऱ्यांदा.

कुओंनी नोंदवही मिटली आणि चष्मा काढून पुसायला घेतला.

"ताई," आफेन हळूच म्हणाली, "यंत्र चालूच ठेवलंय."