सुलटीकडच्या गाठी

“शोभा, तिले सांगून ठेव! आज साऱ्या लोकायदेखत त्या पागलांच्या शाळेत पाय ठेवला, तं या घरात परत यायचं नाही!”

‘ती’ म्हणजे थोरली लेक ऋतुजा, बाबनरावांपासून दोन हातांवर पोह्यांची बशी घेऊन उभी होती. गेले आठ महिने बाप तिच्याशी बोलायचा तो असा, आईच्या मार्फत! शोभाताई बिचाऱ्या एकदा नवऱ्याकडे बघायच्या, एकदा लेकीकडे, आणि पदराने डोळे टिपत स्वयंपाकघरात जायच्या.

“बाबा, आज पोरांच्या चित्रांचं प्रदर्शन हाय. मले जावंच लागन.”

“तिले म्हण, तुझं तं झालं वाटोळं. लहानीचं तरी होऊ देऊ नको!”

दाराआड उभी असलेली लहानी, खुशी, ते ऐकून पुढे सरली. तिचे ओठ हलले... पण ऋतुजाने डोळ्यांनीच तिला दटावलं. नाही, खुशी. आज नाही.

काय होतं त्या दोघींमध्ये? वर्षभरापूर्वी, बारावीच्या निकालानंतर खुशी हळूहळू मिटत गेली होती. जेवण सुटलं, झोप उडाली, मैत्रिणी तुटल्या. घरातल्यांना वाटलं, वयच तसं आहे, होईल नीट. एका दुपारी मात्र ती ऋतुजाच्या मांडीवर डोकं ठेवून म्हणाली, “ताई, मले जगावंसंच नाही वाटून राहिलं वं...” ऋतुजाच्या काळजाचं पाणी पाणी झालं! ती त्याच दिवशी तिला डॉक्टरांकडे घेऊन गेली, आणि डॉक्टरांनीच सदर भागातल्या एका संस्थेचा पत्ता दिला. दर रविवारी एका शाळेचे दोन वर्ग मागून घेऊन ही माणसं तिथं बसत. कुणी बँकेतलं, कुणी कॉलेजातलं, आणि सगळ्यांत ज्येष्ठ, निवृत्त चित्रकला शिक्षिका कुसुमताई. पगार कुणालाच नाही, आणि मोठेपणाही कुणालाच नाही. मनाने थकलेल्या पोरापोरींना रंग द्यायचे, माती द्यायची, सूत द्यायचं आणि शेजारी बसून राहायचं. ‘तुला काय झालंय’ असं कुणी विचारायचं नाही. पोरगं आपणहून बोललं तर मात्र हातातलं काम टाकून ऐकायचं. किती साधी गोष्ट! पण आपल्यापैकी किती जणांना जमते?

घर फिरलं की घराचे वासेही फिरतात. ओळखीतले भैयाजी, ज्यांनी ऋतुजाचं उमरेडला लग्न जमवलं होतं, त्यांनी एका रविवारी दोघी बहिणींना त्या शाळेत शिरताना पाहिलं आणि तडक घर गाठलं. “बाबनराव, खरं सांगा. कोणती पोरगी आजारी हाय?”

खुशीचा चेहरा पांढराफटक पडला. नुकती कुठे ती दोन घास खायला लागली होती. हे वादळ आत्ता तिच्या अंगावर आलं तर...?

“मी,” ऋतुजा म्हणाली.

एवढा एकच शब्द, आणि तिचं जमलेलं लग्न मोडलं! बाबनरावांनी बोलणं टाकलं. आणि दैवाचा विनोद बघा, त्यांनीच खुशीला बजावलं, “ती तिथं गेल्याशिवाय राहणार नाही. तू जात जाय संगं. तिच्यावर ध्यान ठेव.” असा दर रविवारी बाप आजारी लेकीला धडधाकट लेकीवर पहारा करायला पाठवत होता, आणि ऋतुजा मनातल्या मनात देवाला हात जोडत होती. खुशी जात होती ना... मग झालं तर!

त्या दिवशीही दोघी गेल्या. ऋतुजा उंबऱ्यात क्षणभर थबकली, आईच्या पाया पडली आणि बाहेर पडली.

वर्गाच्या भिंतींवर चित्रं लागली होती. खाली नाव कुणाचंच नाही, हा तिथला नियमच. ऋतुजा रंगाच्या वाट्या आवरत होती, तेवढ्यात दारात बाबनराव! रागाने लाल झालेले, लेकीला हाताला धरून न्यायला आलेले. ऋतुजाने हातातली वाटी खाली ठेवली.

कुसुमताई पुढे झाल्या. “या दादा, बसा. पाणी देऊ?”

“पाणी नको. ऋतुजानं काय बनवलं, ते दाखवा. ते घेतो अन् तिले घेऊन जातो. इथं घरची काही निशाणी ठेवाची नाही मले.”

“ऋतुजानं?” कुसुमताई चकित झाल्या. “तिनं तं एकही चित्र नाही काढलं, दादा. ती आमच्यातलीच हाय. रंग कालवते, पोरांले कागद देते अन् काही न विचारता पाशी बसते. तिच्यासारखं ऐकून घेणं मले बी नाही जमत.”

बाबनराव गोंधळले. नजर भिंतीवरून फिरली आणि एका विणलेल्या तुकड्यावर थांबली. लाकडी चौकटीवर विणलेलं हातभर कापड होतं ते. गोळीबार चौकातल्या कोष्ट्याचं, पिढीजात विणकराचं रक्त! आज ते गांधीबागेच्या बाजारात दुसऱ्याच्या दुकानात साड्या दाखवत असले, तरी पंचवीस वर्षं हातमागावर बसलेला माणूस कापड आधी उलटून बघतो. तुटलेल्या धाग्यांच्या गाठी विणकर उलटीकडे दडवतो ना! त्यांनी तुकडा उलटला. उलटी बाजू साफ होती. साऱ्या गाठी सुलटीकडे, अगदी दिसतील अशा ठेवल्या होत्या.

त्यांची बोटं एकेका गाठीवरून फिरली आणि थांबली. गाठ मारायची रीत त्यांच्याच घरची होती, पण गाठीचा पीळ उलटा पडला होता. घरात डावरी एकच! सहा वर्षांच्या खुशीला त्यांनी स्वतः समोर बसवून, आपले हात उलटे चालवून ही गाठ शिकवली होती...

“खुशी?”

“हो बाबा.” खुशी पुढे आली. रडत होती, पण आवाज थरथरत नव्हता. “मी होती आजारी. ताई नाही. किती वेळा म्हटलं, सांगतो म्हणून... ताईनं शपथ घातली. आता बरी होऊन राहिली मी, बाबा. आता नाही लपवत!”

बाबनराव मटकन खाली बसले, पोरांच्या त्या बुटक्या बाकावर. मग त्यांनी मान वर केली आणि आठ महिन्यांत पहिल्यांदा थोरलीच्या डोळ्यांत पाहिलं.

“ऋतुजा... काहून वं? बापाले तरी सांगाचं होतं!”

“तुम्ही तिचं येणं बंद केलं असतं, बाबा.”

खरं होतं ते. “उद्याच जातो उमरेडले,” ते गहिवरून म्हणाले. “पाया पडतो त्यायच्या. सांगतो, माझी ऋतुजा चांगली हाय म्हणून.”

“नका जाऊ!” ऋतुजा एकदम म्हणाली. “मी चांगली, मंग आपली खुशी काय वाईट हाय? आजारी पोरगी ज्यायले चालत नाही, त्यायच्या घरी मले जायचंच नाही.”

खुशीने ताईच्या कमरेला मिठी मारली. ऋतुजा मात्र कोरड्या डोळ्यांनी तशीच उभी होती. आठ महिन्यांत ती कुणासमोर रडली नव्हती. सगळ्यांचे हुंदके ऐकता ऐकता तिचा स्वतःचा राहूनच गेला होता.

बाबनरावांनी ते पाहिलं. उशिरा का होईना, बापाला लेक दिसली. ते बाकावर थोडे सरकले, शेजारी जागा केली आणि कुसुमताईंकडे हात पसरून त्यांनी एक कोरा कागद मागून घेऊन तिच्यासाठी समोर ठेवला.

“बस बाई, माझ्यापाशी. आजवर साऱ्यायचं ऐकलं तू. मी काही विचारत नाही... जवा वाटन तवा बोल. मी बसून हाय.”

आणि ऋतुजा बसली, बापाच्या खांद्यावर डोकं टेकवून लहान पोरीसारखी मोकळी रडली.