थर्माकोलच्या बाजूला

समोरचा स्टुडिओ बंद होता म्हणून शिवप्रसाद माझ्याकडं आला. उमरग्यात बाईच्या हातात कॅमेरा दिसला की गिऱ्हाईक आधी विचारतं, "फोटोग्राफर कुठंयत?" यानंही विचारलं. मी म्हटलं, "मग मी कोण दिसते?"

तो ओशाळला. "स्थळाला पाठवायचाय फोटो. बसवकल्याणचे पाहुणे हायत... संध्याकाळपर्यंत पाहिजे म्हणतात."

आधार कार्डाच्या फोटोला उभे राहतात तसा तो उभा राहिला. छाती पुढं, हात मांड्यांना चिकटलेले. वरच्या ट्यूबनं डोळ्यांखाली काळं पडलेलं. मी ट्यूब बंद केली, त्याला दाराच्या उजेडात आणलं. हाताखाली माणूस नाही, म्हणून कॅमेरा स्टँडवर लावला आणि सावलीच्या बाजूला, चेहऱ्यावर उजेड परतवायला, मीच पांढरं थर्माकोल धरून उभी राहिले. दुसऱ्या हातात रिमोट.

"खांदा तिरका. भार एका पायावर. हनुवटी खाली... इतकी न्हाय, मान गेली कॉलरमधी."

"लई अवघड हाय हे. सगळ्यांनाच असं रागावता?"

"न्हाय. काहीजण ऐकतात."

तो हसला. मी बटण दाबलं.

जाऊन स्क्रीन बघितली. वर्षभरातला माझा सगळ्यात चांगला फोटो. हा बसवकल्याणला गेला तर पोरगी आजच हो म्हणणार, आणि मला ते नको होतं. अर्ध्या तासाची ओळख, तरी नको होतं.

पण धंदा तो धंदा, स्थळाच्या फोटोत नजर समोरच लागते. "नजर कॅमेऱ्यात न्हाय," मी म्हटलं. "माझ्याकडं आलीय. परत काढू."

आठ काढले. लेन्सकडं बघितलं की चेहरा लाकडाचा. नवव्याला तो सरळ माझ्याकडं बघत राहिला. थर्माकोल धरून हात भरून आला होता, तरी मी तो खाली घेतला नाही.

"घरी सांगतो, फोटो चांगला आला न्हाय," तो हळूच म्हणाला.

"माझ्याकडनं वाईट फोटो जात न्हाय. असलं खोटं सांगायचं न्हाय."

"मग खरं सांगू? नजर हलंना म्हणून?"

"सांगा की."

"कुणावरनं हलंना, विचारतील. तुमचं नाव घ्यावं लागंल..."

बाहेर हैदराबादकडं एक ट्रक गेला. मी तो पुरता जाऊ दिला.

"घ्या," मी म्हटलं. "महेश्वरी. आडनाव दारावरच्या बोर्डावर हाय, तेबी सांगा."