शून्य थरथर

आकाश कितपत चांगलं आहे हे सांगण्याचा मला पगार मिळतो. आमची वेधशाळा डोंगरमाथ्यावर आहे, आणि वरच्या हवेमुळे तारे किती थरथरतात ते मी रोज संध्याकाळी यंत्रावर पाहते. थरथर जितकी कमी, तितकं आकाश चांगलं. ती पार नाहीशी मात्र कधीच होत नाही. हवा आहे तोवर थरथर असणारच.

माझा नवरा इथेच घुमटाचा मेकॅनिक. घरी त्याला हाका मारून माझा घसा बसतो, पण इथे त्याच्या हाकेशिवाय आमचं पान हलत नाही. नुसत्या यंत्रांवर विसंबायचं नाही, असा आमचा शिरस्ता. सूर्य मावळला की त्यानं बाहेरच्या सज्जात जाऊन डोळ्यांनी आकाश बघायचं आणि ‘उघडा’ म्हणून ओरडायचं. मग मी घुमटाचं बटण दाबते.

त्या संध्याकाळी आकडा उतरत गेला आणि शून्यावर थांबला. मी तारा तपासल्या, यंत्र बंद करून पुन्हा लावलं. शून्यच. दुर्बीण वापरायला आलेल्या संशोधक बाई हरखून गेल्या. असं आकाश जन्मात मिळायचं नाही, लवकर उघडा, असा त्यांनी धोशाच लावला. मला मात्र ते शून्य बघवेना. नवऱ्याला म्हटलं, आज राहू दे.

“आकाश वाईट असलं तरी तुझी कुरकुर, चांगलं असलं तरी कुरकुर,” म्हणत तो सज्जात गेला. दार मागे लागलं.

हाक आली नाही.

काचेतून तो वर पाहताना दिसत होता. तारे निघाले होते आणि एकही लुकलुकत नव्हता. पत्र्याला भोकं पाडावीत तसे ते नुसते होते. मग तो आमच्याकडे वळला. तोंड उघडलेलं, गळ्याच्या शिरा ताणलेल्या. तो ओरडत होता आणि ऐकू काहीच येत नव्हतं. त्यानं हातातला पाना कठड्यावर आपटला. तोही वाजला नाही.

“खुणावताहेत ते,” बाई म्हणाल्या. “उघडा की घुमट.”

मी दाराकडे धावले. आत उघडणारं ते दार बाहेरून कुणी ओढून धरल्यासारखं चौकटीला चिकटलं होतं. बाईही माझ्याबरोबर ओढू लागल्या. काचेपलीकडे तो कठड्याला टेकून हळूहळू खाली बसला. हा गेला तर मी काय करू, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

दार एकदम सैल झालं. वारा शीळ घालत आत घुसला.

तो उठला, कपडे झटकून आत आला.

“किती हाका मारल्या,” एवढंच म्हणाला. मी त्याला धरून रडले. घुमट उघडला नाही, आणि बाईंनीही पुन्हा विषय काढला नाही.

घरी येताच तो आडवा झाला. छाती हलताना दिसेना, म्हणून मी त्याच्या नाकाखाली बोट धरलं. बराच वेळ धरून राहिले.

“झोप आता,” डोळे मिटूनच तो म्हणाला.

माझं बोट त्याच्या ओठांपाशीच होतं. बोटाला जराही वारा लागला नाही.